शेवटाकडून वाचलेला पुंजाराम

२८ फेब्रुवारी २०१९, गुरुवार

तात्यासाहेबांनी काल माइकवर सांगून टाकलं. पुंजारामचं प्रेम एका पुरुषावर होतं. 'आणि अजून आहे,' असंही म्हणाले.

मराठी भाषा दिनाचा कार्यक्रम. शेवटी श्रोत्यांचे प्रश्न. वैजापूरचे एक निवृत्त गुरुजी उठले आणि गेली वीस वर्षं दर कार्यक्रमात कोणी ना कोणी विचारतंच ते त्यांनी विचारलं — पुंजारामनं लग्न का केलं नाही? तात्यासाहेबांचं उत्तर ठरलेलं असतं. पाणी शोधण्यातून सवड मिळाली नाही. लोक हसतात, मग चहा. काल मात्र त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि ते वाक्य बोलले. अगदी शांतपणे, पोस्टाची वेळ सांगावी तसं.

कोणी हसलं नाही, कोणी ओरडलं नाही. तात्यासाहेबांची नजर खुर्च्यांवरून सरकत मागं आली आणि शेवटच्या रांगेत माझ्यावर थांबली. बराच वेळ. मी खाली बघितलं.

तात्यासाहेबांनी लिहिलेली पुंजाराम पाणाड्याची एकतीस पुस्तकं झाली. उंबराची बेचकी हातात धरून गावोगाव पाणी दाखवायचं आणि जाता जाता तिथल्या खुनाचा छडा लावायचा, हा त्याचा उद्योग. एस.टी. स्टँडवर मिळतो, पानटपरीवर मिळतो, खताच्या दुकानातसुद्धा मिळतो. एकतिसांचीही प्रुफं मी तपासलीत. आता लोक त्याला सोडणार नाहीत.

आणि मी? वय चोपन्न, लग्न नाही. मलाही तोच प्रश्न विचारतात, माझंही उत्तर ठरलेलं आहे. कालपासून धास्ती बसलीय की ते उत्तर आता पुरणार नाही.

१ मार्च

गुलमंडीतल्या आमच्या प्रकाशनाच्या दुकानात दिवसभर फोन. संध्याकाळी मालकानं, चिन्मयनं, रिसीव्हर काढून ठेवला.

५ मार्च, मंगळवार

पुस्तकं परत यायला लागली.

वैजापूरच्या गुरुजींनी एकतीसच्या एकतीस पाठवली — खाकी कागदात, वर अनुक्रमे यादी. यादीत एक चूक नाही. असा वाचक गेल्याचं मला वाईट वाटलं. गंगापूरच्या पार्सलमध्ये सहा पुस्तकं होती, पानं ब्लेडनं कापून काढलेली आणि दोन कव्हरांच्या मधे माती भरून दोरा गुंडाळलेला. कोरडी, चाळलेली माती. सोबत चिठ्ठी, 'इथं पाणी दाखव.' चिन्मयनं ते उचलून कचऱ्यात टाकलं. थोड्या वेळानं मीच परत काढून कपाटावर ठेवलं. का ते सांगता येत नाही.

फोनवर एक आजीबाई म्हणाल्या, 'आगुदर सांगायचं ना बाबा. मी नातीसाठी त्याच्यावाणीच पोरगा बघत हुते.' पैठण डेपोचा एक ड्रायव्हर म्हणाला, 'मला काय फरक नाय पडत. पुंजाराम माझ्या बापाला भेटला व्हता. बहात्तरच्या दुष्काळात.' मी म्हणालो, अहो, पहिलं पुस्तकच सत्त्याण्णवचं आहे. तो म्हणाला, 'ते तुमचं पुस्तक झालं.'

'पुंजाराम प्रेमी मंडळ' या व्हॉट्सअॅप गटाचे दोन तुकडे झाले. एका तुकड्यात तात्यासाहेबांच्या तोंडाला काळं फासायचं कधी यावर चर्चा. दुसऱ्यात एकानं नुसतं 'धन्यवाद' लिहिलं आणि मिनिटाभरात गट सोडून गेला. नंबर जालन्याचा होता म्हणे. त्या मुलाचा विचार दिवसभर डोक्यातून गेला नाही.

आणि एक फोन रोज दुपारी अडीचला येतो. बोलत कोणी नाही. नुसती विहिरीवरची मोटर ऐकू येते, पाणी संपल्यावर हवा ओढते तशी.

६ मार्च

नळाला पाणी नाही, सहावा दिवस. टँकर आला, खालच्या घरमालकीण यमुनाबाईंच्या दोन घागरी मी भरून दिल्या.

शेजारचा बंगला पाडून तिथं सात मजले होणार आहेत, म्हणून बोअर घेतायत. उस्मानपुऱ्यात आता दर चौथ्या घराचं असंच चाललंय. चार दिवस सकाळपासून खडखडाट, आणि पांढरी भुकटी उडून माझ्या टेबलावर बसते. कागदावर बोट फिरवलं की रेघ उमटते. बोअरच्या गाडीवरचा सांडू नावाचा माणूस माझ्याशी बोलायला थांबतो, कारण मी 'पुंजारामच्या छापखान्यातला'. आज म्हणाला, 'साडेसातशे फूट गेलो साहेब. नुस्ती राख येऊ लागली.' मग आवाज उतरवून, 'पुंजाराम कसा बी असंल, असू द्या. पण त्यो दोस्त कोन हाय? एकतीस पुस्तकं झाली, पुंजाराम त्याच्याशी बोलतोय, त्याच्यासाठी पाण्याचा गिलास भरून ठेवतोय, अन् त्यो एकदाबी समोर येत नाय. माझी बायको म्हणती, त्यो मेलेला हाय.'

मला माहीत नाही, म्हणालो. खरंच माहीत नव्हतं.

८ मार्च, शुक्रवार

चिन्मयनं आत बोलावलं. दार लावून घेतलं.

'काका, पब्लिक पागल झालीय. निवडणुका तोंडावर आहेत, कोणी पण येईल आणि शटर फोडेल. एक काम करा. एकतिसांची सुधारित आवृत्ती काढू. जिथं जिथं तसं काही वाटतं, ती वाक्यं उडवा. दोस्त-बिस्त सगळा. तात्यासाहेबांचं वय झालंय, त्या दिवशी बोलण्याच्या भरात गेलं, असं मी छापून टाकतो. तुमच्याइतका पुंजाराम बारीक कोणी वाचलाय?'

हो म्हणून बाहेर आलो. नाही म्हटलं तर तो विचारेल, तुम्हाला का एवढं लागलं. 

आता खरं इथं तरी लिहितो. मी पुंजाराम वाचलेलाच नाही. एकही पुस्तक नाही. चिन्मयच्या वडिलांनी, काकासाहेबांनी, मला कामाला ठेवलं तेव्हा पहिल्या दिवशी शिकवलं होतं — प्रूफ शेवटच्या ओळीपासून वर वाचायचं. गोष्टीत शिरलास की चुका डोळ्यादेखत निसटतात. मी ते असं अंगी बाणवलं की हजारभर पुस्तकं तपासली आणि एकाचीही गोष्ट मला सांगता येत नाही. लोक कौतुकानं विचारतात, पुंजारामचं कुठलं पुस्तक आवडतं? मी म्हणतो, सगळीच. चाललं आजवर.

१० मार्च, रविवार

पहिलं पुस्तक वाचलं, वरून खाली. डोळे सारखे पानाच्या तळाकडं पळत होते. ठीक आहे. खून बरा आहे. उडवण्यासारखं काही नाही.

दुसऱ्यात पुंजारामला शहरात एक खोली आली आहे. जिन्याला एकोणीस पायऱ्या, बाराव्या पायरीचा उजवा कोपरा उडालेला, म्हणून तिथं तो डावा पाय टाकतो. खोलीत दोन खुंट्या. एकीवर त्याचा सदरा. दुसरीवर 'दोस्ताचा होता, तिथं आता काही नाही.' हे उडवावं लागेल. लाल पेन्सिलीनं खूण केली.

११ मार्च

आमच्या जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. एकोणीस. बाराव्या पायरीवर डावा पाय पडूनही गेला होता, माझं लक्ष जाण्याआधी.

१३ मार्च, बुधवार

पाचव्या पुस्तकात पुंजाराम झोपण्यापूर्वी पायाच्या अंगठ्याला नाडी बांधतो. सुती, पायजम्याची. दुसरं टोक अंधारात जातं. ते कुणाच्या पायाला बांधलंय हे लिहिलेलं नाही. 

वाचकांना तो पाणाड्याचा मंत्र वाटतो. गटावर वाचलं, पैठणकडचा एक माणूस वीस वर्षं नाडी बांधून झोपतो, जमिनीखालचं पाणी स्वप्नात दिसावं म्हणून.

मी खिडकी लावली, दार लावलं, आणि भर दुपारी कोंडून बसलो. घामानं कागद हाताला चिकटायला लागले तरी उठलो नाही. कारण ती नाडी माझी आहे. दुसरं टोक माझ्या अंगठ्याला होतं. त्याला झोपेत चालायची खोड होती, आणि जिना उभा. म्हणून आम्ही तसं झोपायचो. सहा वर्षं. हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. मी कोणाला सांगितलेलं नाही, या वहीलासुद्धा आत्ताच सांगतोय.

तात्यासाहेबांना कसं कळलं? ते माझ्या खोलीत कधी आलेले नाहीत.

१७ मार्च, रविवार

अकरापर्यंत वाचून झालं. लाल पेन्सिल दोन दिवसांपासून उचललेली नाही.

नाव लिहून टाकतो. गोकुळ. चितेगावचा, शेतकऱ्याचा मुलगा, पैठण रोडच्या कंपनीत फिटर. नव्वद साली यमुनाबाईंकडं माझा खोलीतला भागीदार म्हणून आला. बाहेर आम्ही रूम पार्टनर होतो. आत काय होतो त्याला तेव्हा शब्द सापडला नाही, आज सापडतो पण लिहायला हात धजत नाही. मला तो हवा होता. रोज हवा होता. शहाण्णवच्या उन्हाळ्यात घरच्यांनी त्याचं लग्न ठरवलं आणि तो गेला. मी स्टँडवर पोचवायला गेलो नाही. लग्नानंतर त्याची दोन पत्रं आली. दोन्ही मी न फोडता परत केली. तिसरं आलं नाही. माझा मान राखला असं तेव्हा वाटलं होतं, काय तो मान!

जाताना तो दारात एवढंच म्हणाला होता, 'दार वढून घे, वारा येतोय.' वारा नव्हताच.

अकराव्या पुस्तकाचं शेवटचं वाक्य आहे — रिकाम्या खोलीकडं बघून पुंजाराम म्हणतो, दार ओढून घे, वारा येतोय. ते शेवटचं वाक्य म्हणजे माझ्या पद्धतीनं सगळ्यात आधी वाचलेलं वाक्य. दोन हजार तीन सालात मी ते वाचलं, बरोबर आहे म्हणालो, आणि वरच्या ओळीकडं गेलो.

१९ मार्च, मंगळवार

दुकानात एक मुलगी आली. स्वरदा नाव, देवगिरी कॉलेजात शिकते, जाड भिंगांचा चष्मा. तिची फेसबुकवर पुंजारामची पानं चालतात, पाचशे-सहाशे जण रोज भांडायला येतात. चिन्मय तिला हाकलणार होता, पण तिनं माझं नाव घेतलं. प्रत्येक पुस्तकात मागच्या पानावर असतं ना, मुद्रितशोधन.

'तुम्हीच सांगा व्यंकटकाका. दोस्त खरा आहे ना? एवढं बारीक कोणी मनानं लिहीत नाही.' तिनं नकाशा काढून दाखवला. खोलीतून रेल्वेचा भोंगा ऐकू येतो, म्हणजे उस्मानपुरा नाहीतर स्टेशनच्या बाजूला. पश्चिमेला कडुनिंब. तळमजल्यावर एकटी बाई. 'आम्ही दहा-बारा जण मिळून जिने मोजत चाललोय. एकोणीस पायऱ्यांचे सव्वीस सापडले. बारावी फुटलेला अजून नाही.'

'सापडल्यावर काय करणार?' मी विचारलं.

'मला फक्त बघायचंय. पण बाकीच्यांचं मी नाही सांगू शकत,' ती म्हणाली. 'त्यात काही जण रागातले पण आहेत.'

मी तिचा नकाशा घडी घालून उलटा ठेवला. तिनं ते बघितलं.

२१ मार्च

धूळवड. गल्लीत कोणी पाणी घेतलं नाही. पोरं बोअरची पांढरी भुकटीच एकमेकांना फासत होती. खालून जाणारा प्रत्येक जण वर बघतोय असं वाटतं.

२३ मार्च, शनिवार

आले. दुपारी बारा-साडेबाराला, स्वरदा आणि तिच्यासोबत दोन तरुण, हातात मोबाइल. मी खिडकीच्या आडून बघत होतो. यमुनाबाई पायरीवर बसून ज्वारी निवडत होत्या. बोअरची गाडी नेमकी तेव्हा बंद होती, त्यामुळं सगळं ऐकू आलं.

'आजी, इथं पुंजाराम राहायचा का?' एकानं विचारलं. थट्टेनं.

'राहायचा काय, राहतो,' यमुनाबाई म्हणाल्या. 'वर आहे. झोपला असेल.'

तो हसायचा थांबला. 'आणि दोस्त?'

'तो गेला. शहाण्णव सालीच गेला. चांगला होता हो. माझं पाणी भरायचा.' आणि त्या ज्वारीतले खडे वेचायला लागल्या.

स्वरदा जिन्याकडं गेली. मी पावलं मोजत होतो. ती बाराव्या पायरीवर थांबली. मग खाली उतरली, रस्त्यात जाऊन उभी राहिली आणि वर बघितलं — आधी कठड्यावरच्या देगचीकडं, मग खिडकीच्या फटीकडं. मला बघितलं. आमची नजरानजर झाली. एक तरुण मोबाइल वर करून फोटो घेणार, तेवढ्यात ती म्हणाली, 'हे नाही रे. सतराच आहेत पायऱ्या. आजींना विसर पडलाय, चला.'

गेले.

पण देगचीकडं का बघितलं तिनं? एका कानाची अल्युमिनियमची देगची, गोकुळची. मी तीत चिमण्यांना पाणी ठेवतो. गठ्ठ्यातून पुढची पुस्तकं काढून चाळत गेलो. अठ्ठाविसावं, पान बावन्न. 'दुष्काळात पुंजाराम कठड्यावर चिमण्यांसाठी पाणी ठेवू लागला. देगचीचा एक कान तुटलेला होता.'

हे मी दोन हजार तेराच्या दुष्काळात सुरू केलंय. गोकुळ जाऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती. म्हणजे कोणीतरी खाली रस्त्यावर उभं राहून माझ्याकडं बघत आलंय. वर्षानुवर्षं. 

२४ मार्च

यमुनाबाईंना विचारलं, त्यांना असं का सांगितलंत?

'खरं तेच सांगितलं. मला काय तू आंधळी समजतोस?'

'मग मी खोली सोडू का?'

'तेहतीस वर्षं राहिलास आणि आज विचारतोस? घागर उचल ती.'

घागर उचलली. जिन्यात बसून रडलो. चोपन्न वर्षांचा माणूस.

२८ मार्च, गुरुवार

एकतीस संपली. सिडकोला तात्यासाहेबांकडं गेलो. दारावर बंदोबस्ताचा एक हवालदार, खुर्चीत पेंगलेला. भिंतीवर कोणीतरी शेण फेकलेलं, वाळून पापुद्रे आलेले.

'या व्यंकटराव. महिना लावलात,' ते म्हणाले. 'वाचलंत शेवटी?'

मी विचारलं, माझं घर तुम्हाला कोणी दाखवलं.

'कोणी नाही. पुंजाराम माझा नाहीच हो. पहिलं पुस्तक तेवढं माझं. ते आल्यावर एक निनावी पत्र आलं, चितेगावच्या शिक्क्याचं. पुंजारामची खोली कशी असेल, तिथं कोण असेल. इतकं जिवंत होतं की मी जसंच्या तसं घातलं. मग प्रत्येक पुस्तकाआधी एक येत गेलं. मी फक्त खून घातले.' ते हसले. 'मला ठाऊक नव्हतं ते कुणाबद्दल आहे. जानेवारीत हे आलं, तेव्हा कळलं.'

शेवटचं पत्र त्यांनी माझ्या हातात दिलं. चार ओळी. 'तुमच्या पुस्तकाची प्रुफं जो माणूस वाचतो त्याच्यासाठी हे सगळं होतं. साधी पत्रं तो परत करतो. प्रूफ त्याला वाचावंच लागतं. पण इतकी वर्षं झाली, त्याच्या ध्यानात आलं नाही. आता तुम्ही सगळ्यांसमोर बोलून टाका, म्हणजे त्याच्या कानावर तरी पडेल.'

'एवढा गदारोळ होईल हे माहीत होतं तुम्हाला?' मी विचारलं.

'होतं. पण तीस पुस्तकं फुकटात खाल्ली ना मी त्या माणसाची,' तात्यासाहेब म्हणाले. 'एवढं तरी करायला नको?'

सगळी पत्रं त्यांनी पिशवीत घालून दिली. बसमधे ती मांडीवर ठेवून बसलो. तो माझ्याशी बोलत होता. बावीस वर्षं बोलत होता, आणि मी पानं उलटी धरून बसलो होतो.

३१ मार्च, रविवार

पत्रं क्रमानं लावली. एकतीस.

पहिली एकोणीस गोकुळची. उजवीकडं कललेलं, घाईचं अक्षर, कुठंही ओळखेन. विसाव्यापासून अक्षर बदललंय. मोठं, सुटं सुटं, दाबून लिहिलेलं, कागदाच्या मागून हाताला लागतं. तात्यासाहेबांच्या हे लक्षात आलं नाही. माझ्या पहिल्या नजरेत आलं — अक्षरं बघणं हाच माझा धंदा.

हात गेला असेल का त्याचा? कंपनीत मशीनमध्ये? पक्षाघात? डाव्या हातानं लिहीत असेल. देगचीचं पत्र याच दुसऱ्या अक्षरातलं आहे. म्हणजे तो हिंडता-फिरता आहे, उस्मानपुऱ्यात येतो, खाली उभा राहतो आणि वर न येता जातो. दुपारभर खिडकीशी उभा होतो. समोरच्या टपरीशी जो जो माणूस थांबला त्याच्या चालीकडं बघत राहिलो. एकही त्याच्यासारखा चालत नव्हता. पण तेवीस वर्षांत चाल बदलत असेल.

३ एप्रिल, बुधवार

एकतिसांचा गठ्ठा चिन्मयपुढं ठेवला. लाल खुणा खोडरबरानं पुसून टाकल्या होत्या. वर चिठ्ठी — दुरुस्ती नाही, आहे तसं छापावे.

'काका, हे काय आहे?'

'तपासलं. चूक सापडली नाही.'

'लोक बाहेर शटरवर काळं ऑइल ओतून गेलेत, आणि तुम्ही —' मग तो थांबला. माझ्याकडं नीट बघितलं. त्याला लहानपणापासून ओळखतो मी. 'काका, तुम्ही का एवढे...'

'तो दोस्त मी आहे,' म्हणालो.

तो गठ्ठ्याची दोरी सोडत आणि बांधत बसला. शेवटी म्हणाला, 'नव्या आवृत्तीत मुद्रितशोधनाला तुमचं नाव ठेवायचं का काढायचं?' ठेव, म्हणालो.

बाहेर आलो तर भीती नव्हती. कुठं गेली कोण जाणे. घरी आलो तेव्हा सांडू गाडी आवरत होता, एक हजार पन्नास फुटांवर सोडून दिलं त्यानं. मी त्याला विचारलं, चितेगावला शेअर रिक्षा कुठून मिळते. 

५ एप्रिल

नवा सदरा घेतला, गुलमंडीतून. निळा. दाढी रविवारी सकाळी करीन. उद्याचा पाडवा झाल्यावर परवा जायचं असं ठरवलं — सणाच्या दिवशी कोणाच्या दारात एकदम उभं राहू नये. पहिलं वाक्य काय बोलायचं ते पाच वेळा लिहिलं आणि पाची वेळा खोडलं.

७ एप्रिल, रविवार

गोकुळ आठ वर्षांपूर्वीच गेला. कावीळ. तीन महिने अंथरुणाला होता, तेवढ्यात त्यानं बायकोला सगळं सांगितलं आणि पत्रं चालू ठेव म्हणाला. शेवटची बारा तिनं, आवडाबाईंनी, लिहिलीत. वर्षातून एकदा उस्मानपुऱ्यात येऊन खालून बघून जायच्या. 'त्यांनी सांगितल्यालं समदं लिवलं. सपलं, म्हनून तात्यासाहेबास्नी म्हनलं, आता बोलून टाका.'

चितेगावच्या त्या दारात मला आत या म्हणाल्या नाहीत, जा पण म्हणाल्या नाहीत. उठून घरातून एकतीस पुस्तकं घेऊन आल्या आणि माझ्यापुढं ठेवली. 'तुमी लई बारीक वाचता म्हनं. पंधरा वर्सं संसार केला म्या त्यांच्यासंगं. यात म्या कुठं हाय का, तेवढं बघून सांगा. मला तर घावलं नाय.'

एकतीसही मी आता पहिल्या पानापासून वाचलीत. त्या कुठंच नाहीत.